फुटक्या तोंडांचं चित्र

साहेबानं माझा जबडा धरला अन् माझं तोंड भिंतीवरच्या चित्राजवळ नेलं. पाहुण्यांना म्हणाला, "हा बघा मूळ नमुना."

सगळे हसले. मी खाली फुटलेला ग्लास उचलून राहिली होती. काचा मुठीतच होत्या.

हा साहेब ठेकेदाराचा इंजिनीअर, पुण्याकडचा. भिलाईत तेव्हा कारखान्यासंगं क्वार्टरं बांधून राहिले होते. मी अन् माझा नवरा त्याच्याच साइटवर. मी रेजा, घमेलं वाहे. एक दिवस उकळतं डांबर उडालं, माझा डावा गाल जळला, डोळा खाली ओढला गेला. मंग मले साहेबाच्या बंगल्यावर झाडझूड कराले लावलं. आमी बुद्धाचे झालो होतो, पण त्याच्यासाठी होतो तेच. माठाले हात लावाची मनाई.

चित्र नवंच आणलं होतं. नुसती तोंडं, तीही तुकडे झालेली. एकाचा डोळा दुसऱ्याच्या गालावर, ओठ कपाळावर. पाहुणे अर्थ लावून राहिले होते. कोणी म्हणे यंत्रयुग, कोणी म्हणे माणसाचं मन.

"सांग, तुला काय दिसतं?" साहेबानं विचारलं. त्याची बोटं जळल्या जागीच रुतली होती.

मले दिसत होतं. साइटवरची भिंत पडली ती दुपार दिसत होती. भिंत हलते हे मी साहेबाले सकाळीच सांगतलं होतं. संगं काम करणाऱ्या सुखियाले आमी बायांनी विटांखालून काढलं, तेव्हा तिचं तोंड असंच झालं होतं. तिच्या पोरीनं आईले हातातल्या कड्यावरून ओळखलं. साहेबानं त्याच सांजेले तिथं पुन्हा विटा चढवल्या.

हे मी त्याले सांगतलं नाही. आमचं मढं त्याच्या खेळात द्याचं नव्हतं मले.

"हात काढा," मी म्हणलं.

त्यानं जबडा अजून दाबला. माठ बाटत होता, माझ्या तोंडानं त्याचा हात बाटत नव्हता. मी काचांची मूठ त्याच्या मनगटावर हाणली. रक्त निघालं, त्याचं अन् माझं. त्यानं पोटात लाथ घातली. मी पायऱ्यांवरून खाली पडली, उठली, भर बाजारातून तशीच रक्ताच्या हातानं घरी आली.

नवऱ्याले कामावरून काढलं. बायकोनं साहेबाचे पाय धरले तर परत घेऊ, असा निरोप आला. तो म्हणे, चाल. मी नाही म्हणलं. त्यानं हात उगारला. मी तो वरच्यावर धरला.

"मारशीन त मीबी मारीन."

तो खाली बसला. त्या घरात मले मारणं तिथंच थांबलं.

सकाळी मी साइटवर गेली. सगळ्या बायांसमोर, सुखियाच्या पोरीसमोर, मोठ्यानं सांगतलं: भिंत कच्ची होती, साहेबाले माहीत होतं, त्यानं आपल्याले खाली उभं केलं. मुकादमानं मले ढकललं. मी पुन्हा उभी राहिली अन् पुन्हा सांगतलं. बायांनी घमेली खाली टाकली.

काम मले पुन्हा कोणी दिलं नाही. नाही दिलं त नाही. सुखिया कशी मेली ते मी मरेपर्यंत सांगीन. अन् माझ्या तोंडाले जो हात लागन, तो मी मोडीन. साहेबाचा असो, घरधन्याचा असो.