स्केगनेसचा समुद्र आणि आम्ही दोघं

स्केगनेसच्या स्टेशनवर उतरल्यावर मी समुद्र आधी नाकाने शोधला. आमच्या रत्नागिरीत तो दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मिरकरवाड्याच्या बंदराकडून वारा असला की घरात बसूनही कळतं, आज कुठली मासळी उतरली आहे. इथे वास येत होता तो तळलेल्या बटाट्यांचा आणि साखरेच्या पाकाचा.

"अहो, इथे समुद्र नक्की आहे ना?"

"असेल पुढे," हे म्हणाले आणि बॅग उचलून चालू लागले.

आम्ही इंग्लंडला आलो होतो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. सुलभा आणि जावई लेस्टरला राहतात. तीन महिने मी बाळाला न्हाऊमाखू घालत होते, सुलभाला शेकशेगडी देत होते, त्या चिमुकल्या स्वयंपाकघराबाहेर काही पडले नव्हते. निघायची वेळ जवळ आली तशी सुलभाच म्हणाली, "आई, इथली माणसं उन्हाळ्यात स्केगनेसला जातात. तू आणि बाबा दोन दिवस जाऊन या. दोघंच जा."

दोघंच असं आम्ही कधी कुठे गेलोच नव्हतो. ह्यांचं सगळं आयुष्य जहाजावर गेलेलं. वर्षातले नऊ-दहा महिने सफर (जहाजावरच्या नोकरीची फेरी), मग थोडे दिवस घर, की पुन्हा सफर. मुलं झाली, मोठी झाली, माझ्या सासूबाई गेल्या, घराची कौलं शाकारली, सगळं मी एकटीने पाहिलं. शेवटची सफर संपवून हे कायमचे घरी आले तेव्हा मीठ कुठल्या बरणीत असतं तेही त्यांना विचारावं लागे. दिवसभर ओटीवर बसत, कुणी आलं की उठून उभे राहत. त्यातच मुंबईच्या एजंटाने आणखी एका सफरीसाठी विचारलं होतं. "परत आल्यावर कळवतो," असं त्याला सांगून हे विमानात बसले होते. त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो.

आमची राहायची सोय मिसेस डॉसन नावाच्या विधवा बाईंच्या घरी होती. वरच्या मजल्यावर एक खोली, सकाळी न्याहारी. बाई गोल, गुलाबी आणि भलत्या बोलक्या. मला दर वाक्याला 'डक' म्हणायच्या. डक म्हणजे बदक एवढं इंग्रजी मला येत होतं.

"माझ्या चालण्यावरून म्हणते की काय?" मी ह्यांना हळूच विचारलं.

ह्यांनी आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत चौकशी केली. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. त्या भागात माणसाला मायेने बदक म्हणतात, जसं आपण 'बाय' म्हणतो. त्यानंतर मीही त्यांना एकदा 'डक' म्हटलं. त्यांनी मला मिठीच मारली.

समुद्र होता, पण फार लांब. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पुढे गेलो तर नुसती वाळू, आमच्याकडच्या आरे-वाऱ्याच्या दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) शेजारी मांडल्या तरी भरणार नाही एवढी, आणि पलीकडे करड्या पाण्याची रेघ. वाळूवर सगळं गाव लोटलं होतं. गाढवं होती, कपाळावर रंगीत पट्टे बांधलेली, आणि त्यांच्यावर मुलं बसून फिरत होती. आपल्याकडे गाढवावर बसवून धिंड काढतात, इथे आयाच पैसे देऊन बसवत होत्या. खुर्च्या होत्या कापडाच्या, घडीच्या. त्यातली एक उघडताना ह्यांचं बोट चिमटलं, आणि अखेर ती मांडून मी बसले तर खुर्ची माझ्यासकट जमिनीला टेकली. शेजारच्या म्हाताऱ्याने तोंडातली सिगारेट न काढता ती नीट लावून दिली.

दुपारी कागदात गुंडाळलेली मासळी खाल्ली. पिठात बुडवून तळलेला पांढरा मोठा तुकडा, त्यात एक काटा नाही, तिखटाचा पत्ता नाही, वरून शिरका (व्हिनेगर). पहिला घास फिका लागला, दुसरा बरा. तिसऱ्यापासून आम्ही दोघं एकाच कागदातून खात होतो. घरी मी त्यांच्याबरोबर पानावर कधी बसले नव्हते. आधी त्यांना वाढायचं, मग आपण.

संध्याकाळी पाण्याकडे जाऊ म्हणून निघालो. सुकती (ओहोटी) होती. मी जावयाचा ओव्हरकोट साडीवर चढवला होता, चपला हातात. चालत चालत फार पुढे गेलो. पाण्यात पाय घातला तर बर्फ! मी ओरडले, हे हसले. किती तरी दिवसांनी हसले. तिथेच आम्ही रेंगाळलो, शिंपले बघत.

वळलो तर मागे पाणी. मघाशी ओली वाळू तुडवत आलो तिथे आता लांबच लांब ओहोळ भरला होता, आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये. भरती समोरून न येता बगलेने आली होती.

"चला, गुडघाभर असेल. आत्ताच जायला हवं," मी म्हटलं. माझं माहेर खाडीच्या काठी, अशा पाण्यातून मी लहानपणी कैकदा घरी आले आहे.

हे हलेचनात. चेहरा पांढरा पडला होता.

"पवता येत नाही गो मला. पोहायला कधी शिकलोच नाही."

"काय म्हणता! एवढी वर्षं जहाजावर..."

"जहाज बुडलं नाही, म्हणून चाललं."

मला हसूही येईना. पाणी तर चढतच होतं. मी पदर खोचला, चपला कोटाच्या खिशात कोंबल्या आणि त्यांच्यापुढे हात केला. "माझा हात धरा. पाण्याकडे बघू नका, त्या मनोऱ्याकडे बघा." त्यांनी हात धरला, हाडं मोडतील असा. मध्यावर पाणी मांडीला लागलं, ओढ जाणवली, साडी पायांना लपेटली. हे थांबले. "एक पाऊल," मी म्हटलं. मग, "आणखी एक." बाळाला चालायला शिकवतात तसं. पलीकडच्या वाळूवर आलो तरी हात सुटला नाही. तसेच, चार माणसांदेखत, हातात हात घालून आम्ही मिसेस डॉसनच्या दारात उभे राहिलो. त्यांनी ओरडून टॉवेल आणले, चहा आणला, आणि आम्हाला खोलीत सोडून दार लावून घेतलं.

हे खाटेवर बसले, मी त्यांचे पाय पुसायला घेतले. मग म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना वाटतं मी दर्या पाहिला. मी होतो तळाला, इंजिनात. ऊन नाही, वारा नाही. वर यायचो तेव्हा झोप यायची. मुलांना ज्या गोष्टी सांगायचो, त्या वर काम करणाऱ्यांकडून ऐकलेल्या."

मी त्यांचे पाय पुसत राहिले.

"आता एजंट बोलावतोय," ते म्हणाले. "घरी माझं काही चुकतंय असं सारखं वाटतं. घर तुझं आहे. मी पाहुणा."

"मला कधी कुणी विचारलंच नाही, जाऊ का म्हणून," मी म्हटलं. "तुम्ही दिवस सांगायचात, मी बॅग भरायला घ्यायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आता विचारतो. जाऊ का?"

"नको."

ह्यांनी किटली ओढली, माझ्या कपात चहा ओतला. "साखर किती घालू?" त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर हे खिडकीशी. "बघ, बघ," म्हणाले. सूर्य समुद्रातून वर येत होता. आम्ही रत्नागिरीकर, आमच्याकडे तो समुद्रात बुडतो. उलटा दिवस पाहावा तसे आम्ही दोघं एका शालीत उभे राहिलो.

परतलो तेव्हा रत्नागिरीला रेल्वे यायची नुसती बोलणी चालली होती. मुंबईहून रात्रभर एस.टी.ने हाडं खिळखिळी करून घेतली. मुंबईत उतरल्याबरोबर ह्यांनी एजंटाला नाही म्हणून सांगितलं होतं. आळीतल्या बायका विचारत, तिकडे काय पाहिलंत? राणीचा राजवाडा पाहिला का? मी गाढवं आणि बिनकाट्याची मासळी सांगते. बाकीचं सांगता येत नाही. इतक्या लांब जाऊन मी माझा नवरा पाहून आले, हे कुणाला सांगायचं?

आठवडाभराने एका संध्याकाळी आम्ही भाट्याच्या पुळणीवर जाऊन बसलो. आपल्याकडे या वयाची माणसं समुद्रावर यायची ती अस्थी घेऊन, नाहीतर पुनवेचा नारळ घेऊन. आमच्या शेजारची कुसुम सुरूच्या बनातून काटक्या घेऊन चालली होती. आम्हाला पाहून ती धावतच आली.

"काय झालं गो? कुणाचं काय?"

"कुणाचं काही नाही. आम्ही आपले बसलोय."

तिला ते पटेना. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे. जरा वेळ तशीच उभी राहिली. मग काटक्यांची मोळी डोक्यावरून उतरवली आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर, पाय लांब सोडून, तीही बसली.