पाच तलवारींचा पत्ता आणि पाचवी माळ

ईरा, नील,

परवा फोनवर ईराने तिचे टॅरोचे पत्ते कुरिअरने मागितले आणि नीलने विचारलं, "चाकूरची आजी व्हिडिओ कॉलवर का येत नाही?" दोन्हींमागची गोष्ट एकच आहे. तेव्हा मी विषय बदलला. आता सत्त्याहत्तरावं लागलंय, पुढे राहून जाईल, म्हणून लिहून ठेवते.

आधी एक सांगते. मी चौतीस वर्षं नांदेडला शाळेत इंग्रजी शिकवलं. भविष्य, दृष्ट, अंगात येणं – यातलं काहीच मी मानलं नाही. तुमच्या बाबांची पत्रिकासुद्धा करू दिली नव्हती. आजही मानत नाही. तरी पुढचं सगळं घडलं आहे…

चाकूरची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, कुसुम. आपल्या घराण्याचे देव म्हणजे चांदीचे टाक, बोटभर पत्र्यांवर उठवलेल्या मूर्ती. रीतीप्रमाणे ते थोरल्या घरी, म्हणजे आपल्याकडे असायला हवेत. पण माझ्या सासूबाई कुसुमकडे राहत, म्हणून देवही तिथेच राहिले. सासूबाई गेल्या आणि मी टाक मागितले. ती द्यायला तयार नव्हती. दीड वर्ष आम्ही फोनवर भांडलो.

तीन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या चार दिवस आधी, ती टाक उजळून घ्यायला नांदेडच्या सोनाराकडे आली. परत जाताना आपल्याकडे टेकली. टाकांचा डबा मांडीवरच्या पिशवीत, आणि पिशवीच्या बंदाचा तिने मनगटाभोवती वेढा घेतलेला. दुपारचे तीन वाजले होते. मी नवरात्राची आवराआवर करत होते. ईरा, उन्हाळ्यात तू विसरून गेलेले पत्ते मोजून रुमालात बांधायला काढले होते. अठ्ठ्याहत्तर.

"ह्या वयात पत्ते खेळायल्या का अक्का?"

"नातीचे आहेत. भविष्याचे."

"आसं व्हय? आन् आमी गुरुवार धरला तर तुमी हसायच्या."

मी सरळ विषयावर आले. "कुसुम, देव इथेच ठेवून जा. थोरलं घर हे आहे."

"थोरलं घर!" ती इतक्या मोठ्याने हसली की आतून तुमचे आजोबा बाहेर आले. "मी लगीन होऊन आले तवा तुमीच म्हनला की, मला शाळा हाय, सोवळं-ओवळं जमायचं न्हाई. चाळीस वर्सं मी घासले ते. सासूबाईंचं हागणंमुतणं मी काढलं. तवा कुटं हुतं थोरलं घर?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? आता पेन्शनीत येळ जात न्हाई, तर देव पायजेत."

ते खरं होतं, म्हणूनच मला फार राग आला. आजोबा म्हणाले, "चहा घ्या दोघी," आणि आत निघून गेले.

कुसुमने गठ्ठ्याकडे हनुवटी उडवली. "भविष्याचे हाईत ना? मग काढते एक. काय म्हनतंय बघू. तुमी वाचा, तुमाला इंग्रजी येतंय."

तिने मधूनच पत्ता ओढला. पाच तलवारींचा. चित्रात पुढे एक माणूस तलवारी कवटाळून कुत्सित हसतोय आणि दोघं पाठ फिरवून पाण्याकडे चाललेत. मी पत्त्यांसोबतचं छोटं पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. ओळीखाली बोट ठेवून वाचायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे, वर्गातली आहे ती. पुस्तकात एवढंच होतं – हा भांडणाचा पत्ता आहे. यात जिंकणारा एकटा उरतो. आपलंच खरं करण्याआधी विचार करावा.

तेवढं मी प्रामाणिकपणे मराठीत सांगितलं. आणि मग, कुठून सुचलं कोण जाणे, त्याच आवाजात पुढे बोलले, "ज्याने देव हट्टाने धरून ठेवले, त्याच्या घरी पाचव्या माळेला दिवा राहणार नाही."

असं त्या पुस्तकात काहीही नव्हतं. आयुष्यात मी एकदाच चुकीचं भाषांतर केलं, आणि ते मुद्दाम.

कुसुम पत्त्याकडे बघत बसली. मग तिने मनगटाचा वेढा सोडला, डबा टीपॉयवर ठेवला आणि चहा न घेता निघाली. फाटकापाशी मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

मी घट बसवले. देवांपुढचा अखंड दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. चार दिवस तो उत्तम चालला. पाचव्या माळेला सकाळी नऊ चाळीसला विझला. मी वात बदलली. सव्वादहाला विझला. आजोबांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. पुन्हा विझला. नवीन तेल आणलं, दुसरी समई घेतली, काचेची चिमणी लावली… मी वहीत वेळा लिहून ठेवल्या आहेत. त्या दिवशी अकरा वेळा. ज्योत थरथरायची नाही, कमी व्हायची नाही – असायची आणि नसायची. पडताळून बघावं म्हणून त्याच तेलाचा, तशाच वातीचा दिवा स्वयंपाकघरात लावला. तो संध्याकाळपर्यंत तेवत होता.

"वातीत ओल असेल," आजोबा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

घटी बसलेले देव मध्येच हलवत नाहीत. दसऱ्यापर्यंत मी विझलेला दिवा लावत राहिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढून चाकूरला गेलो.

कुसुम दारातच उभी राहिली. या म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी डबा पुढे केला.

"कुसुम, त्या पुस्तकात दिव्याचं काही नव्हतं. ते मी मनाचं सांगितलं."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"तुमचं बोट थांबलं हुतं, आन् तोंड चालू हुतं."

"मग टाक दिलेस कशाला?"

"देवी मांडीवर आसताना तिच्या नावानं खोटं बोलला तुमी. मी म्हनलं, तिचं तिला बघू द्या." तिने डबा घेतला, झाकण उघडून एकेक टाक मोजला आणि माझ्यासमोर दार लावलं.

त्याला तीन वर्षं झाली. दिव्याचं कारण मी खूप शोधलं. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना वही दाखवली, त्यांनाही सांगता आलं नाही. मला आजही माहीत नाही.

ईरा, पत्ते पाठवते आहे. काल पुन्हा मोजले, अठ्ठ्याहत्तर आहेत, पुस्तकही सोबत आहे. टाक चाकूरला कुसुमच्या देवघरात आहेत आणि तिथला दिवा नऊही दिवस तेवतो, असं ऐकते. वेळांची वही माझ्या कपाटात आहे. कुसुम माझ्याशी बोलत नाही.