परूश्यांचे वकील

आमच्या शेजारचे कंपाउंडरभाऊ दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमात जन्मले असते, तर ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातली निम्मी भांडणं मिटली असती आणि उरलेली निम्मी चौपट झाली असती. पण ते जन्मले वरोऱ्यात, नोकरी केली मिशनच्या दवाखान्यात, आणि नव्वदच्या दशकात मी तिथे कॉलेजात इतिहास शिकवायला गेलो तेव्हा माझ्या दुर्दैवाने भिंतीला भिंत लागून राहत होते.

माणूस अतिशय नेमाचा. जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुणार, पाणी दोनदा गाळणार, प्रार्थनेला घंटेआधी पाच मिनिटं पहिल्या बाकावर. उत्पन्नाचा दशांश देवाला द्यायचा म्हणून परसातल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दहा जुड्या झाल्या की एक चर्चच्या पाळकसाहेबांच्या दारात नेऊन ठेवणार. नऊच झाल्या तर दहावीची वाट बघत बाकीच्या सुकवणार. मंडळीचे सचिवही तेच. वर्षभर जो उपासनेला आला नाही त्याचं नाव ते लाल शाईने यादीतून कापत. "नेम म्हंजे नेम, सर," असं मला सांगत, जणू पुढचं नाव माझंच होतं.

अशात नवे, तरुण पाळकसाहेब आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी परूश्यांवर प्रवचन दिलं. परूशी म्हणजे येशूच्या काळातला यहुद्यांचा एक पंथ, धर्मनियम काटेकोर पाळणारा. "हे लोक पुदिना, शेपू नि जिऱ्याचाही दशांश देत, पण दया विसरत," असं साहेब म्हणाले, आणि अख्ख्या मंडळीने एकदम पहिल्या बाकाकडे पाहिलं. मागून कोणीतरी "सांबार राह्यला!" म्हणालं. भाऊ घरी आले ते सरळ माझ्या ओसरीत.

"सर, तुमी इतिहासाचे. परूशी कोन होते?"

"आमच्या पुस्तकात नाहीत हो ते."

"मंग कायचा इतिहास शिकवता?"

पुढच्या सुट्टीत ते नागपूरला गेले आणि कुठल्याशा ग्रंथालयात चार दिवस बसून आले. उतरले ते परूश्यांचे वकील होऊनच. तिथून पुढे वरोऱ्यात शांतता अशी राहिली नाही. खोकल्याचं औषध बाटलीत ओतता ओतता ते पेशंटला सांगत, की मेलेले पुन्हा उठतील हे परूशी मानतच होते, सदूकी पंथाचे लोक मानत नव्हते. कापूस विकायला आलेला शेतकरी बिचारा मान डोलवायचा आणि औषध दिवसातून कितीदा घ्यायचं ते विचारायचं विसरायचा. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना ते उठून उभे राहिलेले मी पाहिलेत. "मले सांगा, प्रभू जेवाले कोनाच्या घरी गेला? परूश्याच्या! ज्याच्याशी वैर हाये त्याच्या घरी कोनी जेवते का? अरे, ते घरातलं भांडन होतं, घरातलं!" येशूचा प्रेषित पौल, त्याने तर सभेत उभं राहून 'मी परूशी आहे' असं सांगितलं, हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. त्यावर पाळकसाहेब म्हणत, "भाऊ, मग प्रभूने ढोंगी कोणाला म्हटलं?" भाऊ म्हणत, "जे ढोंगी होते त्यायले. सगळ्यायले नाई." वहिनी मला कुंपणावरून सांगायच्या, "घरातली दाळ सरली भाऊजी, पन याइचे परूशी काई सरत नाईत."

वाद चिघळला. एका रविवारी साहेब चिडून म्हणाले, "मग तुम्ही परूश्यांच्याच मंडळीत जा." भाऊ खरंच यायचे थांबले. यादीची वही घरी, स्वतः ओसरीत, आणि घंटा वाजली की मान खाली. सात रविवार गेले. त्या दिवसांत त्यांनी माझ्याशीसुद्धा वाद घातला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मग चिमूरकडचा एक मासे विकणारा म्हातारा दवाखान्यात वारला. तरुणपणी त्याने बाप्तिस्मा घेतला होता, पुढे दारूत बुडाला, मागेपुढे कोणी नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून पंचमंडळी आपल्या दफनभूमीत जागा द्यायला तयार होईना, आणि पाळकसाहेब नवे, पंचांपुढे अडखळले. भाऊंना कळलं तसे ते उठले. मीही मागोमाग गेलो. साहेब दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

"साहेब, प्रभूले पुराले कोन आलतं? शिष्य तं पयून गेलते. निकदेम आला, गंधरस घेऊन. तो कोन होता?"

"परूशी," साहेब हळूच म्हणाले. मग म्हणाले, "पण भाऊ, या म्हाताऱ्याचं नाव तुम्हीच कापलंय."

भाऊंचा चेहरा पडला. ते म्हणाले, "हो. मीच कापलं. नेम बरोबर होता साहेब, मी चुकलो."

त्यांनी वही आणवली, पंचांसमोर नाव परत लिहिलं, आणि म्हाताऱ्याला आंघोळ स्वतः घातली. खड्ड्यात माती लोटताना फावडं एक त्यांच्या हातात होतं, एक पाळकसाहेबांच्या.

पुढे भाऊ निवृत्त झाले, मुलीकडे गोंदियाला गेले आणि तिथेच वारले. बातमी आली त्या संध्याकाळी पाळकसाहेब माझ्याकडे आले. त्यांना बोलतं करावं म्हणून मी उगाच म्हणालो, "साहेब, खरं सांगा, परूशी तसे ढोंगीच, नाही का?"

साहेब ताडकन उठले. "कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाले आणि तासभर बोलत राहिले. चहा निवून गेला तरी आम्हा दोघांपैकी कोणालाही उठवेना.