अक्षयच्या डेकमधली तीन पानं

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाशी बसली की किस्से साठतातच. माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत रिकामी खोकी साठतात तसे. एखादं टाकून द्यावं म्हणून उचललं की खालून दुसरं निघतं. बारामतीत कुणी विचारलं, "रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आत काय करता?", तर आम्ही "पत्ते खेळतो" एवढंच सांगतो. त्यावर लोक ज्या नजरेने बघतात, तिची आता सवय झाली आहे.

हे पत्ते म्हणजे रमी नव्हे. परदेशी कंपनीचा खेळ आहे. प्रत्येकाने आपल्या पसंतीची चाळीस पानं जुळवून आणायची, त्याला डेक म्हणायचं. पानांवर राक्षस, किल्ले, मंत्र आणि बारीक इंग्रजीत नियम. गण्या कारखान्यात फिटर, रेश्मा इंदापूरला औषधाच्या दुकानात, मी झेरॉक्सवाला आणि चौथा डाळज गावचा अक्षय.

*

अक्षयचा डेक कंट्रोलचा. म्हणजे स्वतः फारसं काही करायचं नाही आणि दुसऱ्याला तर काहीच करू द्यायचं नाही. तुम्ही राक्षस काढलात, तो परत पाठवणार. हल्ला केलात, तो नाकाबंदी टाकणार. पानाचं खरं नाव इंग्रजी आहे, पण ते पडलं की समोरच्याचा त्या पाळीतला सगळा हल्ला जागच्या जागी थांबतो, म्हणून आमच्यात ती नाकाबंदी. तसली तीन पानं होती त्याच्याकडे.

एकदा गण्या वैतागून मधूनच उठला, चौकात जाऊन वडापाव खाऊन आला, तरी अक्षयची पाळी चालूच. गण्याने हात जोडले. "बाबा, तू मला हरव तरी!"

अक्षयने मान वर केली नाही. "घाई हाय का तुला?"

*

अक्षय डेंग्यूने गेला. पाच दिवसांत, सव्विसाव्या वर्षी. याचा किस्सा होत नाही. मी दोनदा सांगून पाहिला आणि दोन्ही वेळा मध्येच उठून चहा टाकायला गेलो.

*

त्यानंतर दोन महिन्यांनी रविवारी शटरखालून वाकून एक गृहस्थ आत आले. धोतर, टोपी, हातात बियाण्याची पिशवी. अक्षयचे वडील. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी पिशवीतून डेक काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो खेळ मला शिकवा."

गण्या म्हणाला, "तात्या, कशाला तरास घेताय?"

"पोरगं दर आयतवारी हितं येत हुतं. काय करत हुतं ते मला म्हायती न्हाय."

रेश्माने एका वहीत त्या डेकमधल्या प्रत्येक पानाचा मराठीत अर्थ लिहून दिला. तात्या घरी मात्र काही सांगत नसत. पत्त्यांचं नाव काढलेलं मावशींना, म्हणजे अक्षयच्या आईला, खपायचं नाही. म्हणून दर रविवारी औषध फवारायचा पंप दुरुस्तीला न्यायचा असे. पंप बिचारा धडधाकट. तो पाठीला लावून तात्या एसटीने बारामतीला यायचे आणि आल्या आल्या माझ्या झेरॉक्स मशीनला टेकवून ठेवायचे.

*

तिसऱ्या महिन्यात तात्यांनी मला हरवलं. पुढच्या रविवारी पुन्हा हरवलं. मी म्हटलं, "तात्या, एवढा धीर कुठून आणता? मी हल्ल्यावर हल्ले करतोय आणि तुम्ही नुसते बसून."

"आमच्या बापाची मेंढरं हुती. लांडगा आला की मेंढरामागं पळायचं नसतं. लांडग्याकडं बघत हुबं ऱ्हायचं."

मला लांडगा म्हटल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण गण्या इतका खूश झाला की राहूनच गेलं. त्याने तात्यांना टाळी द्यायला हात पुढे केला, तर तात्या म्हणाले, "मी न्हाय जिकलो. डाव त्याचा हाय. मी निस्ती पानं उचलतो."

आणि ते शब्दशः खरं होतं. डेकमधलं एकही पान ते बदलू देत नसत. गण्याने एकदा स्वतःजवळचं एक जबरदस्त पान त्यांना देऊ केलं. तात्यांनी ते उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि परत केलं. "चांगलं हाय. पर त्यानं न्हाय घातलं."

*

या खेळात कंपनी अधूनमधून एक यादी काढते. जी पानं डोईजड झाली, त्यांतली काही बंद, काहींवर मर्यादा. त्या वेळच्या यादीत नाकाबंदी होती. यापुढे डेकमध्ये एकच.

रेश्माने ते मोबाईलवर वाचलं आणि मोबाईल टेबलावर पालथा घातला. तात्या यायचे होते. आमच्यात नियमांची सगळ्यात कडक तीच. मी पाळी संपली म्हटल्यावर चुकून एक पान उचललं, म्हणून माझा जिंकलेला डाव तिने रद्द केला होता. तीच म्हणाली, "आपल्या खोलीत कंपनीची यादी चालत नाही."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. दीड महिना तात्या तीन नाकाबंद्या घेऊन खेळले आणि आम्ही मुकाट्याने थांबत राहिलो.

*

मग इंदापूरला स्पर्धा निघाली. छोटीशीच, मंगल कार्यालयात. अक्षय दर वेळी जायचा, म्हणून तात्यांनाही जायचं होतं. आम्ही पाऊस, उन्हाळा, एसटीचा भरवसा, सगळी कारणं सांगून झाली. ते आले.

पहिल्याच डावात त्यांनी दुसरी नाकाबंदी टाकली. समोरचा पुण्याचा मुलगा सज्जन होता. हळूच म्हणाला, "काका, हे आता एकच चालतं."

तात्यांना वाटलं, पोरगं फसवतंय. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही फरशी बघत होतो. तात्यांनी पानं गोळा केली, त्या मुलाला नमस्कार केला आणि बाहेर आले.

आम्ही मागोमाग बसस्टँडवर गेलो. मग तात्या म्हणाले, "तुमाला म्हायती हुतं."

"हो."

"म्हंजी इतकं दिस मी लबाडी करत हुतो व्हय?"

"आम्ही केली, तात्या," रेश्मा म्हणाली.

"त्याच्या डेकनं केलीत," तात्या म्हणाले. आजवर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं आहे, पण एवढी लाज कधी वाटली नाही.

*

त्यात मी अजून एक शहाणपणा केला. समजूत घालायची म्हणून म्हटलं, "तात्या, तिन्ही पानं सारखीच आहेत. कुठलीही दोन काढा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "सारखी कशी? त्यानं तिन्ही तीन टायमाला आणल्याती."

डेक पिशवीत घालून ते डाळजला गेले.

*

शेवटी नाकाबंदीची दोन पानं निघाली. त्या दोन जागी काय घालायचं यावर गण्याने खोकंभर पानं आणली, रेश्माने इंटरनेटवरून चांगल्या पानांची यादी काढली. तात्यांनी दोन्ही बाजूला सारलं आणि विचारलं, "त्याला सगळ्यात जास्त तरास कुणाच्या पानानं झाला?"

माझ्या चोराने आणि गण्याच्या बैलाने, असं निघालं. चोर समोरच्याच्या हातातलं पान पळवतो. बैल नुसताच अंगावर जातो. तात्यांनी दोघांनाही डेकमध्ये घेतलं. कंट्रोलच्या डेकमध्ये बैल! रेश्माने कपाळावर हात मारला. डेक लंगडायला लागला तो लागलाच. तात्या आता चारातले तीन डाव हरतात. परवा हरल्यावर म्हणाले, "ह्यो मी हारलो." चेहरा पडलेला नव्हता, पण मला तिकडे बघवलं नाही.

*

मधला एक रविवार सांगायचा राहिला. दोन पानं काढायची होती, पण अजून निघाली नव्हती, तेव्हाचा.

त्या दिवशी तात्या पंप न घेता आले. मागून मावशी आल्या. पंपाचं खोटं तात्यांनी घरी कबूल केलेलं दिसत होतं. बसा म्हटलं तरी मावशी बसल्या नाहीत. रुमालाची गाठ सोडून त्यांनी तिन्ही नाकाबंद्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"ह्यातलं कुठलं ऱ्हाऊ द्यायचं ते मला इचारत्यात हे. आदी मला सांगा, ह्यानं हुतं काय?"

मी सांगितलं, "समोरच्याचा हल्ला थांबतो, मावशी. त्या पाळीला आपल्याला काही होत नाही. डाव आहे तसा चालू राहतो."

"मग असलं चांगलं पान बंद का केलं?"

मी रेश्माकडे पाहिलं. रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "तीन-तीन असली की डाव लांबायचा, मावशी. संपतच नव्हता."

मावशींनी पदराच्या टोकाने मधलं पान पुसलं.

"मग न्हाय संपला, तर कुणाचं काय बिघडत हुतं?"