गुळाचे पाच तुकडे

परवा गुऱ्हाळाजवळून जाताना उकळत्या रसाचा वास आला आणि संस्थानच्या महाराजांच्या कारकिर्दीतलं आमच्या कॉलेजचं प्रदर्शन आठवलं.

गूळ करताना उसाचा रस कोणत्या झाडाच्या चिकानं चांगला निवळतो, हे मी दोन महिने खपून तपासलं होतं. एकेका झाडाचा चीक घालून केलेला एक, असे गुळाचे पाच तुकडे मी व्यासपीठासमोरच्या टेबलावर मांडले होते. पाहुण्यांचं भाषण काही संपेना. अखेर माझं नाव पुकारलं, तेव्हा टेबलावर नुसत्या आकड्यांच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या!

"कुणी खाल्ला?" मी ओरडलो.

पुढं बसलेले आमच्या गावचे बाबालालचाचा मिशा पुसत उठले. उभा जन्म त्यांनी गूळ शिजवला होता. "आदी म्या चाखला, मग समद्यांनीच घेतला. चाखायलाच ठेवलंतं न्हवं?"

"संशोधन होतं ते, चाचा!"

"व्हय की. तिसरा झ्याक हाय. पाचवा पावसाळ्यात पाघळंल."

सगळे हसले. मी तणतणत व्यासपीठावरून खाली उतरलो.

माझ्या कागदावरही तिसराच सरस ठरला होता. पाघळण्याचं मात्र मला सुचलंच नव्हतं. ते कसं ओळखलं, हे विचारायचं सोडून मी वर्षभर चाचांशी अबोला धरला. कसला डोंबलाचा संशोधक होतो मी!