पिशवीची पाठ

इकडे परदेशात, कनाटाला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एक अफगाण तुर्कमेन म्हातारी मुलाकडे राहायची. काही वर्षं पेशावरमध्ये काढल्यामुळे तिला कामापुरतं हिंदी यायचं. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या हॉलच्या भिंतीवर गडद लाल रंगाची, अष्टकोनी फुलांची एक मोठी पिशवी टांगलेली होती. तिच्या आजीनं विणलेली. त्या काळी ते तंबूत राहायचे; तिथं कपाटं नसायची, अशा पिशव्यांतच कपडे ठेवायचे. नक्षी घरातल्यांना दिसेल अशी आणि साधी पाठ तंबूच्या भिंतीला.

एका शनिवारी खाला डोळे पुसतच आमच्या दारात आली. मुलगा मोठ्या हौसेनं पिशवी फ्रेम करायला निघाला होता. फ्रेमवाला म्हणाला होता, पाठ कापून टाकली की नक्षी काचेमागे सपाट बसेल. खालाला मुलाला नाही म्हणवत नव्हतं आणि पिशवीला कात्री लावू द्यायलाही जीव होत नव्हता.

माझं डोकंच फिरलं. उद्या माझ्या ब्लाउजचीही पाठ कापतील!

"तू मध्ये पडू नकोस हं, इट्स देअर फॅमिली मॅटर," नवरा म्हणाला. मी पडलेच.

तिच्या घरी पिशवी सोफ्यावर काढून ठेवलेली होती. आता ही घराबाहेर जाणार, आणि तीही रिकामी? आमच्यात डबा काय नि पर्स काय, रिकामं कुणाच्या हाती देत नाहीत. मी तिच्याच किचनमधले मूठभर तांदूळ पुडीत बांधून आत ठेवले. "हमारे यहाँ खाली नहीं भेजते," म्हटलं.

खाला आत गेली आणि कपडे आणू लागली. शाली, झगे, नवऱ्याचा जुना कोट. पिशवी फुगून भिंतीला टेकून बसली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

मुलगा किल्ली फिरवत आला. "व्हॉट्स ऑल धिस? द शॉप क्लोजेस ॲट नून!"

पिशवी रिकामी करायला त्यानं हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. हाताला लागली भरतकामाची एवढीशी टोपी. त्यानं ती ओळखली नाही. खालानं त्याच्याच डोक्याकडे बोट दाखवलं.

टोपी त्यानं परत आत ठेवली, पाठीखाली हात घालून पिशवी उचलली आणि विचारलं, "मॉम, वेअर डू यू वॉन्ट इट?"