शेजारच्या बायका

जर्मनीशी पहिली लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी, भुलाबाईच्या दिवसांत, अकोल्याच्या भाड्याच्या घरात माझ्या बायकोने गाणं बंद केलं. पुढे तीसेक वर्षं ती गायली नाही. का बंद केलं याचं तिला ठाऊक असलेलं कारण खोटं होतं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि तेवढी वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही. भावाला नाही, मुलाला नाही, ज्या साप्ताहिकात मी उमेदीची वर्षं घालवली तिथल्या एकाही माणसाला नाही.

तुम्हाला सांगतो. पण जरा वळसा घेऊन सांगावं लागेल.

माझं काम आलेला मजकूर तपासण्याचं होतं. घटना कुठे घडली, केव्हा घडली, सांगणाऱ्याने स्वतः पाहिली की ऐकली — एवढं कळल्याशिवाय मी कागद पुढे जाऊ देत नसे. तालुक्याच्या गावांहून बातमीदारांची पत्रं येत, त्यांतली भाषाही मीच सुधारत असे. ‘मले’ दिसलं की खोडून ‘मला’. ‘त्याले’ खोडून ‘त्याला’. मी स्वतः कामरगावचा. घरी, शेतात, वर्गात मी ‘मले’च म्हणत वाढलो. अकोल्यात आल्यावर मी ते माझ्या तोंडातूनही खोडलं. किती दिवस लागले? फार नाही. लाज वाटत असली की माणूस लवकर शिकतो.

ही लाज आली कुठून? एकदा कचेरीत एक पत्र मोठ्याने वाचलं गेलं. मंगरूळकडच्या एका बातमीदाराने लिहिलं होतं, ‘मले वाटते का पूल खचून राह्यला.’ सगळे हसले. सगळ्यांत आधी मी हसलो. पुण्याकडून आलेले आमचे संपादक मात्र हसले नाहीत, त्यांनी पूल कुठला एवढंच विचारलं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मी हसण्यात होतो.

आता घराचं. आम्ही राहत होतो ते घर यमुनाबाईंचं. मधे अंगण, भोवती भाडेकरूंच्या खोल्या, रस्त्याच्या बाजूला माडी. माडीवर संपादक राहायला आले, खाली मागच्या खोलीत मी आणि माझी बायको सरस्वती. सगळे तिला सरू म्हणत. यमुनाबाई तिच्याहून थोड्या मोठ्या, दोन लहान मुलींच्या आई. सरूचं माहेर शेलूबाजारकडचं. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसली की कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी तिच्या माहेरी गाणी होत. गाणी झाली की झाकलेल्या भांड्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. यमुनाबाईंच्या मुलींना गाणी येत नव्हती. यमुनाबाईंनीच सरूला बोलावलं, अंगणात भुलाबाई मांडली आणि सरू गाऊ लागली. तिचा आवाज मोठा होता. नाजूक नव्हता, मोठा होता. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी मी माडीवर संपादकांकडे मजकूर घेऊन बसलो होतो. मुंबईचे एक पाहुणे त्यांच्याकडे आले होते. खालून सरूचा आवाज आला. शब्द स्पष्ट ऐकू येत होते: ‘सासू म्हणे मले, नणंद म्हणे मले’. प्रत्येक ओळीला ‘मले’. माझे कान तापले. संपादकांनी मान वर केली आणि विचारलं, कोण गातंय?

मी म्हणालो, ‘शेजारच्या बायका असतील.’

एवढंच. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? माझी बायको दहा पायऱ्या खाली, माझ्या समोर गात होती, आणि मी ती माझी नाही असं सांगितलं. यापेक्षा साध्या शब्दांत हे मला लिहिता येत नाही.

आणि पुढचं ऐका. संपादक पाहुण्यांकडे वळून म्हणाले, ‘काय मोकळा आवाज आहे. ही गाणी कुणीतरी उतरवून घ्यायला हवीत.’ पाहुण्यांनीही मान हलवली. कुणी हसलं नाही. हसणारा त्या माडीवर मी एकटाच असतो.

तेव्हा ‘ती माझी बायको आहे’ म्हणायला काय लागलं असतं? एक वाक्य. मी ते म्हटलं नाही. उद्या ती पुन्हा गाईल, संपादक खाली येतील, विचारतील, आणि माझं खोटं उघडं पडेल — मला तेवढंच दिसत होतं. म्हणून मी खाली उतरलो आणि सरूला सांगितलं, यमुनाबाईंना आवाजाचा त्रास होतो, उद्यापासून गाणी नकोत.

ती म्हणाली, ‘त्याइनंच तं मले बलावलं.’

‘तोंडावर कशा सांगतील? मला सांगितलं.’

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी मला विहिरीपाशी अडवलं. ‘सरू काहून नाही आली आज? पोरी वाट पाहून राह्यल्या.’ मी म्हणालो, तिला आता हे बरं वाटत नाही. शहरात राहून अंगणात गाणं तिला शोभेसं वाटत नाही. यमुनाबाई घागर उचलून गेल्या.

त्यानंतर त्या दोघी एका अंगणात राहिल्या, एका विहिरीचं पाणी भरलं आणि कामापुरतं बोलल्या. आम्ही घर बदलेपर्यंत. मी रोज त्या दोघींच्या मधून कचेरीत जात होतो. सरूचं गाणं अंगणात बंद झालं, मग खोलीत, मग जात्यावर. मी त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही. कशाला विचारू? कारण मीच लिहिलं होतं.

दुसऱ्या लढाईत कागद मिळेनासा झाला, अंकाची पानं कमी झाली, माझे डोळेही अधू झाले. मी काम सोडलं आणि आम्ही कामरगावला, मुलाच्या घरी आलो. चंपा आणि दुर्गा या दोन नाती तिथे होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सबंध दिवस होता, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मग एका दुपारी ओढ्याकाठची माती आणून मी बैल केला. लहानपणी पोळ्याला मी मातीचे बैल करत असे. हात विसरले नव्हते. पहिल्या बैलाचं वशिंड खचलं, दुसरा उभा राहिला. तेव्हापासून रोज दुपारी मी पडवीत माती मळू लागलो आणि पोरी माझ्या दोन बाजूंना बसू लागल्या. कचेरीत मजकूर वेळेवर लागला की जे समाधान मिळे त्याहून हे मोठं होतं. खोटं कशाला बोलू?

भाद्रपदात पोरी म्हणाल्या, आबा, भुलाबाई करा. मी भुलाबाई केली, तिचा नवरा भुलोजी केला, दोघांना रंग दिला. ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा केला. मग पोरींनी आजीला हाक मारली.

‘मले गाणी येत नाही,’ सरू म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पोरींची आई खानदेशातली, तिला वेगळी गाणी येत. म्हणून मीच गायला बसलो. माडीवर बसून ऐकलेलं जे आठवत होतं ते म्हटलं. दुर्गाने मला मधेच थांबवलं. ‘आबा, सासू म्हणे मला नाही. मले. गान्यात मले असते.’

‘तुले कोनं सांगतलं?’ चंपाने तिला विचारलं.

‘कोनं कायले सांगतीन? मला म्हनलं का गानं लंगडते.’

दोघी खिदळल्या. मी चुलीकडे पाहिलं. सरूची पाठ आमच्याकडे होती. तिची मान ताल धरून हलत होती. पोरींना ते दिसलं नाही, मला दिसलं. तोंड बंद होतं आणि मान हलत होती. या वयात ती अशीच मरेल का, गाणं आत ठेवून? माझ्या एका वाक्यापायी?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ज्वारी पाखडत होती. मी मातीचे हात धुतले, तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. आधी विहिरीचं सांगितलं, मग खोलीतलं, मग माडीवरचं. उलट्या क्रमाने, कारण माडीवरचं सगळ्यांत जड होतं. ती पाखडत राहिली. ‘काहून केलं असं?’ तिने सूप न थांबवता विचारलं.

‘मले लाज वाटली,’ मी म्हणालो. ‘तुही नाही. माही. आपल्या बोलीची.’

सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

‘यमुनाबाई काहीच बोलल्या नव्हत्या?’

‘नाही.’

‘एकडाव बी नाही?’

‘त्या तुही वाट पाहत होत्या.’

‘मी त्या बाईच्या लेकराच्या बारशाले गेली नाही,’ ती म्हणाली. ‘ते कुकू लावाले आली तं म्या घरात काम आहे म्हनलं.’ मग तिने उरलेली ज्वारी पाखडून संपवली. मी उठलो नाही. उठायची सोय नव्हती. ती रडली नाही, ओरडली नाही. शेवटी म्हणाली, ‘उद्या अकोल्याले जायचं. पोरीइले घ्या. अन् तुमची भुलाबाई घ्या, चिंधीत गुंडाळून. तिचा एक हात जरा मोठा झाला, पन चालते.’

बैलांच्या दमणीने कारंजा, तिथून लहान आगगाडीने मूर्तिजापूर, पुढे मोठ्या गाडीने अकोला. वाटभर ती माझ्याशी बोलली नाही. पोरींशी बोलली.

यमुनाबाई अंगणातच बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

‘मी सरू,’ ती म्हणाली. ‘गानं म्हनाले आली.’

‘लवकर आली वं,’ यमुनाबाई म्हणाल्या.

सरूने मला पुढे केलं. ‘सांगा आता.’ मी पुन्हा सांगितलं, या वेळी सरळ क्रमाने, विहीर शेवटी. यमुनाबाईंची सून दारात उभी राहून ऐकत होती, भाडेकरूंच्या बायका ऐकत होत्या, माझ्या नाती ऐकत होत्या. यमुनाबाई सरूकडे वळून म्हणाल्या, ‘म्या समजली, पेपरवाल्याची बायको झाली तं भाव खाऊन राह्यली.’

‘अन् म्या समजली, घरमालकीन झाली तं तुमाले माहा आवाज खुपून राह्यला.’

‘तुहा आवाज? बापा. तुहा आवाज बंद झाला तं माह्या पोरी जेवत नव्हत्या.’ मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘याले चहा द्या कोनी. अन् तिकडं बसवा, दूर.’

मला दूर बसवलं. संध्याकाळी अंगणात माझी मातीची भुलाबाई मांडली गेली. सरू उभी राहिली. पहिल्या ओळीला तिचा आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्याली, पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज भिंतीवर आपटला आणि तिसऱ्या ओळीला भिंतीपलीकडे गेला. रस्त्यावरची माणसं थांबली. यमुनाबाईंच्या लेकी, आता स्वतः आया झालेल्या, पलीकडच्या गल्लीतून आल्या. बायका येत गेल्या, फेर मोठा होत गेला, अंगण पुरेना. साठीला टेकलेली माझी बायको मधे उभी होती आणि सगळ्या तिच्या मागून म्हणत होत्या. असा विजय मी आयुष्यात पाहिला नव्हता. निवडणुकांचे, खटल्यांचे विजय मी छापले होते. ते असे नव्हते.

मग तिने एक गाणं म्हटलं, जे कुणीच आधी ऐकलं नव्हतं. ते तिने गाडीत जुळवलं होतं, हे चंपाने मला नंतर सांगितलं.

माडीवर बसला पेपरवाला बाई पेपरवाला
कोन गाते इचारलं तं गोरामोरा झाला बाई गोरामोरा झाला
सोताची ते अस्तुरी वळखू नाही आली
मले काय ठाव म्हने, शेजारची असली

बायका हसून खाली बसल्या. यमुनाबाईंनी ते तीनदा म्हणायला लावलं. पोरींना तेवढ्यात पाठ झालं. खाऊ ओळखायला मला उभं केलं. मी शेंगदाणे म्हटलं, खोबरं म्हटलं, मुरमुरे म्हटलं. एकही बरोबर नव्हतं.

‘पेपरवाल्याले वळखू येत नाही काही,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘मंघाचपासून पाहून राह्यली.’

भांड्यात तिळाचे लाडू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं ठरलं होतं. मी सामान बांधलं. सरू म्हणाली, तुमी व्हा पुढं, कामरगावात गाई-वासरं आहेत, पोरगा एकटा आहे. आमाले यायले वेळ आहे. मुलगा एकटा नव्हता, सून घरी होती. तरी स्टेशनवर मी एकटा गेलो आणि गाडीत एकटा बसलो.

घरी मी रोज दुपारी माती मळली. कोजागरी होऊन गेल्यावर दमणी दारात आली. चंपा आणि दुर्गा आधी उतरल्या, गातच उतरल्या. मग सरू उतरली. तिने हात दिला आणि मागून यमुनाबाई उतरल्या, महिनाभराचं सामान घेऊन.